राजोडीची दोरी

नालासोपाऱ्याच्या गर्दीतून अंग सोडवून घेऊन पश्चिमेला बाहेर पडावे, जुन्या शूर्पारकाच्या स्तूपाला मनोमन नमस्कार करून रिक्षाने समुद्राचा रस्ता धरावा, आणि दुतर्फा केळी-नारळ दिसू लागले की समजावे, राजोडी जवळ आली. पुढे सुरूची झाडे, त्यांच्यापलीकडे लांबच लांब वाळू, आणि उजव्या हाताला दूर, पाण्यात बसलेला अर्नाळ्याचा किल्ला. रविवारी इथे मुंबईकरांची झुंबड उडते. ती सारी समुद्राकडे धावते. मी मात्र समुद्राकडे पाठ करून मामांच्या वाडीत शिरतो. माझे पाणी तिथे आहे.

वसईच्या या पट्ट्यात वाड्यावाड्यांतून बावखले असत. बावखल म्हणजे माणसांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. त्यावर बागायत पिकायची आणि आजूबाजूच्या विहिरींनाही आधार मिळायचा. त्यांतली कितीतरी आता बुजवली गेली. मामांचे अजून शाबूत आहे. पाठीला सुका भोपळा बांधून मी पोहायला शिकलो तो त्यातच, आणि माझी पहिली परीक्षाही त्यातच झाली.

मी दहा वर्षांचा असेन. मामींची पितळेची कळशी बावखलात बुडाली. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मी काढतो." मामांनी माझ्या कमरेला दोरी बांधली, दुसरे टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळले आणि बजावले, "तळाशी पाय झाडू नकोस. एकदा गाळ उठला की डोळे असून आंधळा होशील. आणि मी चाळीस मोजले की वर यायचं."

पहिल्या दोन बुड्यांत काही सापडले नाही. तिसऱ्या वेळी बोटांना कळशीचा काठ लागला, आणि नेमकी तेव्हाच दोरी ताणली गेली. मी वर आलो तो रडतच. "मामा, हाताला लागली होती हो!"

"लागली असेल," मामा दोरी गुंडाळीत शांतपणे म्हणाले. "कळशी उद्या मिळेल."

दुसऱ्या दिवशी गळ टाकून त्यांनी ती काढलीसुद्धा. माझा राग मात्र कैक वर्षे गेला नाही.

या गोष्टीची आठवण मला अमेरिकेत, फ्लॉरिडात, मान खाली घालून उभे असताना झाली. तिथे मी कसा पोचलो ते सांगितले पाहिजे. तारकर्लीच्या समुद्रात मी पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला शिकलो आणि तो नाद पक्का लागला. पुढे ताईकडे अमेरिकेला जायचा योग आला, तेव्हा पाण्याखालच्या गुहांत शिरायचे रीतसर शिक्षण घ्यावे असे मनाने घेतले. आपल्याकडे कान्हेरीपासून वेरूळपर्यंत लेण्यांना तोटा नाही. पण ती माणसांनी काळ्या पाषाणात कोरलेली. फ्लॉरिडाची जमीन चुनखडीची. पाणी ती हजारो वर्षे विरघळवीत राहते आणि पोटात भुयारे होतात. त्यांतून झरे उसळतात, काचेसारखे स्वच्छ आणि बारा महिने सुमारे 22 अंशांचे.

सौभाग्यवतींनी विचारले, "समुद्रात बुडता ते काय कमी होतं?" प्रश्न रास्त होता. समुद्रात काही बिघडले तर माणूस सरळ वर येऊ शकतो. गुहेत डोक्यावर दगड असतो. आल्या वाटेनेच परतावे लागते. म्हणूनच खुल्या समुद्रात पटाईत असलेले, एवढेच काय, इतरांना शिकवणारे लोकही गुहांत दगावले आहेत. शेक एक्स्ले नावाच्या फ्लॉरिडातल्याच गुहावीराने अशा अपघातांचा अभ्यास करून 1979 साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातले धडे आजही शिकवतात: बाहेरच्या खुल्या पाण्यापासून अखंड दोरी ठेवा, एक तृतीयांश हवा संपली की मागे फिरा, फार खोल जाऊ नका. पुढे त्यांना आणखी दोन जोडले गेले: प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेत, आणि शिकल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही.

शिक्षणही पायरीपायरीने होते. आपल्या घराचीच उपमा द्यायची तर 'कॅव्हर्न' म्हणजे गुहेची ओसरी, जिथून तोंडाचा उजेड दिसतो तेवढाच भाग. 'केव्ह' म्हणजे काळोखाचे माजघर. ओसरीचे प्रमाणपत्र मिळाल्यावाचून माजघराचे नाव काढायचे नाही. मी ओसरीच्या वर्गात नाव घातले. साल 2017. जिनी स्प्रिंग्ज नावाचा झरा. दोन दिवसांत किमान चार बुड्या.

पहिला धडा कोरड्या जमिनीवर! शिक्षकांनी झाडाझाडांना दोरी गुंडाळली आणि आम्हांला डोळे मिटून, दोरीवर बोटांची सैल कडी ठेवून चालायला लावले. सहलीला आलेली पोरे आमची आंधळी कोशिंबीर पाहून खिदळत होती. पाण्यात उतरल्यावर हसू मावळले. दिवे विझवून, डोळे मिटून, जोडीदाराच्या सिलिंडरमधली हवा घेत दोरीच्या आधाराने बाहेर यायचे. पाय वरच्या वर बेडकासारखे मारायचे, कारण तळाचा गाळ उठला की दिवा असून नसल्यासारखा. हा धडा मला नवा नव्हता. शिक्षकांनी शाबासकी दिली आणि मी मनात मामांना.

तृतीयांशाचा हिशेब सोपा आहे. काटा 3000 वर असताना निघालात, तर 2000 वर मागे फिरायचे. हजार जायला, हजार यायला, आणि उरलेले हजार? आतल्या टोकाला सोबत्याची हवा बंद पडली, तर त्याला बाहेर आणायला. म्हणजे ती हवा आपली नसतेच.

शेवटची बुडी. गुहेच्या आतल्या टोकाला, माणसांनी पुढच्या भुयारात शिरू नये म्हणून लोखंडी गज बसवले आहेत. पलीकडून झरा असा जोराने येतो की अंग मागे ढकलले जाते. काटा 2000 वर आला तेव्हा गज चार हातांवर होते. वाटले, एवढे हात लावून यावे. मी लावला. वळलो तेव्हा काटा 1800 वर होता, आणि शिक्षकांचा अंगठा वर झाला होता. पाण्याखाली त्याचा अर्थ शाबासकी नव्हे; बुडी संपली, वाद नको, बाहेर.

वर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "आज काही बिघडलं नाही. माजघरात याच सवयीनं बिघडेल. कार्ड देता येणार नाही." माझी जोडीदार, तिथलीच एक शाळामास्तरीण, काही बोलली नाही. तिने नुसते माझ्या काट्याकडे पाहिले. ते दोनशे तिचे होते.

पुढच्या वर्षी, 2018 च्या जुलैत, मी राजोडीला होतो. थायलंडमध्ये थाम लुआंगच्या गुहेत पुराने अडकलेल्या 12 मुलांच्या आणि त्यांच्या प्रशिक्षकाच्या बातम्यांसाठी सारे घर टीव्हीला चिकटले होते. पाणी उपसायच्या कामात मदतीला आपल्या किर्लोस्करांचे अभियंते गेल्याचे ऐकून मामांची छाती फुगली. सामन कुनान हा माजी थायी जवान आत हवेचे सिलिंडर पोचवून परतताना गेला, त्या दिवशी कोणी जेवले नाही. 10 तारखेपर्यंत तेराही जण सुखरूप बाहेर आले. मामा सारखे पडद्यावरची दोरी पाहत होते. त्या रात्री मी त्यांना माझ्या नापाशीची हकीकत सांगितली. वर्षभर ती घरात कोणालाच सांगितली नव्हती.

"गज पळून जाणार होते?" मामांनी विचारले.

2019 मध्ये मी पुन्हा गेलो. काटा 2000 वर आला तेव्हा गज अगदी हातापाशी होते. मी वळलो.

ते कार्ड मामांना दाखवले. चष्मा पुसून त्यांनी ते उलटसुलट पाहिले. "दोरी कोण धरतं तिथं?"

"कोणी नाही, मामा. दगडाला बांधतात. वळायचं आपणच ठरवायचं."

"मग कठीण आहे," ते म्हणाले, आणि कार्ड परत दिले.

गेल्या दिवाळीत मामांची नात बावखलात बुडी मारायला हटून बसली. मामांचे हात आता थरथरतात. त्यांनी दोरीचे एक टोक तिच्या कमरेला बांधले आणि दुसरे माझ्या हाती दिले. मी मनगटाला दोन वेढे घेतले. ती पाण्याखाली गेली आणि मी मोजू लागलो. चाळिसाला दोरी ओढली. पोरगी वर आली ती डोळे पुशीत.

"काका, आणखी थोडं थांबला असता तर तळ लागला असता!"

मी मामांकडे पाहिले. ते सुकेळे सोलण्यात गर्क होते.

"तळ उद्या लागेल," मी म्हणालो.