शटरची तळपट्टी

रत्नागिरी, २४ मे

सकाळी गॅरेजचं शटर गोड्या पाण्याने धुतलं. तळपट्टीवरून बोट फिरवलं तर तांबूस भुगा हाताला आला. वरच्या पट्ट्या मात्र ठणठणीत. खारा वारा सगळीकडेच लागतो, पण पाणी साचतं ते खाली, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. जस्ताचा मुलामा स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. तो संपला की गंज पत्रा खायला लागतो. गंजलेला भाग पॉलिश पेपरने घासला, कोरडा केला, रेड ऑक्साइडचा हात दिला. उद्या ऑइलपेंट. बाबा दर मे महिन्यात हेच करायचे. त्यांनी बसवलेलं शटर माझ्या हयगयीने जाऊ नये, असं फार वाटतं. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस! मृग पंधरवड्यावर आलाय, आणि बाजूच्या खाचांतली वाळू अजून काढायची आहे.