पैठणहून निघालेली वाट

पितळखोऱ्याला पहिल्यांदा येणारा माणूस गाडीतून उतरतो आणि लेणी शोधत उभा राहतो. वेरूळला डोंगर समोरच असतो. अजिंठ्याला वाघूर नदीच्या वळणावर सगळी लेणी एका नजरेत येतात. इथं मात्र सपाट माळ, बोरी-बाभळीची झुडपं, लांबवर मक्याची हिरवी पट्टी, आणि बाकी काही नाही. कड्याशी गेल्यावर कळतं की जमीन पायाशीच फाटली आहे. खाली खोल घळ, पाण्याचा आवाज, आणि त्या आवाजाच्या दिशेनं उतरत जाणाऱ्या पायऱ्या.

भाद्रपदातली सकाळ होती. माझं आजोळ कन्नड तालुक्यातलं. मी राहते छत्रपती संभाजीनगरात, आणि आमच्या शहरात पाहुणे आले की त्यांना वेरूळ, अजिंठा, देवगिरी दाखवायचं हे ठरलेलं असतं. वेरूळ-अजिंठा १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळे जगभरातले लोक येतात, बघतात आणि परत जातात. वेरूळपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, सातमाळा डोंगररांगेच्या ऐन काठावर, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या जोडीची लेणी आहेत, हे शहरातल्याही कितीतरी जणांना माहीत नसतं. मला ते फार लागतं. म्हणून या वेळी मामांना म्हटलं, घाईत नको, पूर्ण दिवस काढून जाऊ.

मामांनी गाडी काढली. कन्नड सोडून चाळीसगावच्या रस्त्याला लागलो आणि घाट सुरू व्हायच्या आधी डावीकडे वळलो. दोन्ही बाजूंना मका, कपाशी आणि अद्रकीचे वाफे. "आपल्याकडं माणसं लेण्या बघाया येत नाहीत," मामा म्हणाले, "अद्रकीचा भाव विचाराया येतात."

पायऱ्यांच्या तोंडाशी पहारेकरी भेटला. "ताई, जपून उतरा. शेवाळ लई आहे, आणि धबधब्याच्या अंगाला जाऊ नका," एवढं बजावून तो आमच्या पुढे चालू लागला. पुढचे दोन-तीन तास तो बरोबरच होता. कुठल्या कोपऱ्यात काय आहे आणि कुठं पाय टाकायचा नाही, दोन्ही त्याला पाठ.

लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात खोदायला सुरुवात झाली. चैत्यगृह, विहार आणि ओढ्याच्या पलीकडची छोटी स्तूपाची लेणी धरून घळीच्या दोन्ही बाजूंना हा पसारा आहे. पण इथं आल्यावर पहिल्यांदा दिसते ती पडझड. विहाराच्या दर्शनी भागाचा मोठा तुकडा कोसळलेला आहे, चैत्यगृहाचे कितीतरी खांब गेलेले आणि त्यांच्या जागी नवे उभे केलेले. पुष्कळ लोक इथेच निराश होऊन परततात. मला वाटतं, पितळखोरं समजायचं तर आधी ही पडझडच नीट बघायला हवी.

आपला सगळा दख्खन लाव्ह्याच्या थरांचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले. काही थर घट्ट, एकसंध. काही सच्छिद्र, भुसभुशीत. वरून मुरलेलं पाणी घट्ट थरापर्यंत येतं, तिथं अडतं आणि आडवं झिरपायला लागतं. पितळखोऱ्याच्या कारागिरांच्या वाट्याला आलेला दगड असा दुबळा होता. त्यांनाही ते कळलं होतं. दगडातल्या पोकळ्यांत नीट घडवलेले चौकोनी तुकडे बसवून त्यांनी खिंडारं बुजवली. छतातून गळू नये म्हणून आत लांब चर खोदून पाण्याला वाट काढून दिली. पहारेकऱ्यानं टॉर्च मारून एक सांधा दाखवला. मूळ खडक आणि बसवलेला तुकडा यांच्यामधली रेघ इतकी बारीक की नखही जाईना. ज्यानं हा तुकडा बसवला त्याला ठाऊक होतं की डोंगर आपल्या हातात नाही, पण पाणी काही काळ थोपवता येईल. सव्वादोन हजार पावसाळ्यांनंतर तो सांधा अजून जागेवर आहे.

पाण्याशी चाललेल्या या झगड्यातूनच इथली एक विलक्षण गोष्ट जन्मली. विहाराच्या दाराशेजारी पाच फण्यांचा नाग कोरला आहे. खडकाच्या आतून खोदलेल्या नळीतून आलेलं पाणी या फण्यांतून बाहेर पडावं अशी ती योजना. निचऱ्याचं पाणी कुठून तरी काढायचंच होतं, तर ते नागाच्या फण्यांतून का नको, असा विचार करणारा माणूस मला कारागिरांमध्ये मोठा वाटतो.

त्याच दाराच्या दोन बाजूंना द्वारपाल उभे आहेत. जवळजवळ पुरुषभर उंचीचे, हातात भाला आणि ढाल, अंगात जाडसर अंगरखा. चेहऱ्यावर राखणदाराचा दरारा अजिबात नाही. ओठांच्या कडा किंचित वर गेलेल्या, कुणी ओळखीचं येताना दिसावं तशा. खाली जोत्यावर हत्तींची रांग आहे, नऊ हत्ती, समोरून कोरलेले, डोंगराचा भार पाठीवर घेऊन उभे. काहींच्या सोंडा गेल्यात. पण अंगावरच्या माळा आणि घंटा पाहाव्यात. एका हत्तीच्या गळ्यातल्या दोरीचा पीळसुद्धा मोजता येतो. मामा उकिडवे बसले आणि बराच वेळ त्या दोरीकडे बघत राहिले. जन्मभर बैलांची वेसण-कासरा वळलेला माणूस. "ज्यानं कोरलं त्यानं दोर वळलेला असणार," ते म्हणाले.

हे सगळं केलं कुणी, म्हणजे पैसा कुणाचा, याचं उत्तर खांबांवरच कोरलेलं आहे. ब्राह्मी लिपीत, छोटी छोटी वाक्यं. पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारे. पैठणच्याच संघकाचे मुलगे. राजवैद्य मगिल आणि त्याची मुलंबाळं. राजाचं नाव नाही. एकेका घरानं एकेक खांब उचलला आहे. आपण आज गावच्या देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं वाचतो, तीच रीत. चैत्यगृहाच्या खांबांवर नंतरच्या शतकांत बुद्धाची रंगचित्रं काढली गेली. ओल आणि धूर सोसून त्यातले गेरू आणि पिवळे रंग अजून तग धरून आहेत. याच चैत्यातल्या स्तूपाच्या तळात स्फटिकाचे अस्थिकरंडक सापडले होते.

आणि एका कारागिरानंही नाव सोडलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी इथला मलबा उपसला, तेव्हा त्यातून एक यक्ष निघाला. बुटका, ढेरपोट्या, दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र धरलेला, तोंडभर हसणारा. त्याच्या हातावर लेख आहे: हा कान्हदास नावाच्या सोनारानं केला. भारतीय शिल्पकलेच्या इतक्या जुन्या काळात कलाकारानं स्वतःचं नाव कोरल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. सोनार म्हटल्यावर त्या यक्षाची कुंडलं, गळ्यातला दागिना इतका बारकाईनं का केलाय ते उमगतं. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिथं तो सुरक्षित आहे, हे खरंच. पण कान्हदासाचं नाव कन्नडच्या शाळेतल्या पोरांना माहीत असायला हवं, आणि त्या यक्षाची एक चांगली प्रतिकृती घळीच्या वर, पठारावर उभी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मी मामांना फोनवर त्याचं चित्र दाखवलं. ते इतकंच म्हणाले, "आपल्याकडचाच दिसतोय."

प्रश्न उरतो तो पैठणच्या माणसांचा. पैठण इथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गोदाकाठी. अत्तराच्या व्यापाऱ्यानं या आडबाजूच्या घळीत खांब का द्यावा? कारण त्या काळी ही आडबाजू नव्हती. सातवाहनांच्या राजधानीतून उत्तरेला, खानदेशात आणि पुढे नर्मदेकडे जाणारा माल सातमाळा कुठं तरी ओलांडणारच, आणि ओलांडायला सोयीच्या खिंडी मोजक्याच. पितळखोरं अशा वाटेच्या माथ्यावर आहे. इथल्या भिक्खूंना वाटसरूंकडून दान मिळे, वाटसरूंना घाट उतरायच्या आधी पाणी आणि निवारा.

मामांना हे समजवायची गरजच पडली नाही. त्यांच्या लहानपणी कापसाच्या बैलगाड्या रात्रीच घाटानं खाली निघायच्या, कारण रेल्वे खाली चाळीसगावला. कन्नडला ती आजही नाही. "आपला व्यवहार वर कमी आणि खालीच जास्त," ते म्हणाले. आजचा सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग याच घाटानं उतरतो. इंग्रजी अमदानीत खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव या घाटाला चिकटलं. तेच नाव १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यातही आलं. माणसांचंच नव्हे, जनावरांचंही या डोंगरधारेवरून जाणं-येणं आहे. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत गौताळ्यात पोचला, तेव्हा इथल्या जुन्या माणसांना किती आनंद झाला होता ते मी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट उतरून पाटणला गेलो. खरं तर पितळखोऱ्याच्या घळीतलं पाणी जिथं उतरतं, तिथंच खाली हे पाटण. जंगलातून पायवाटही आहे, पण ती अभयारण्यातून जाते, तिला वनखात्याची परवानगी लागते. चाळीसगाव तालुका, म्हणजे जिल्हा जळगाव. इथं आपल्या सरकारी हद्दींनी एका खोऱ्याचे दोन तुकडे केले आहेत. वरची लेणी छत्रपती संभाजीनगरच्या माहितीपत्रकात, खालचं देऊळ जळगावच्या. दोन्ही एकाच वाटेवरची, हे कोणतंच पत्रक सांगत नाही.

खाली चंडिकेचं, म्हणजे पाटणादेवीचं यादवकालीन देऊळ आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, आवारात दीपमाळा. नवरात्रात इथं पाय ठेवायला जागा नसते. जवळच्या कण्हेरगडाच्या अंगाला नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी, शृंगार चावडी अशी जैन आणि हिंदू लेणी आहेत. पण मला ओढ होती ती पाटणच्या शिलालेखाची. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६-०७. 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला. त्याला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं दान दिलं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात, शेवटचा मात्र त्या काळच्या मराठीत आहे. तिथं ग्रहगणिताचा विषय संपतो आणि बाजार सुरू होतो. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर मठासाठी किती घ्यायचं, सुपाऱ्या किती, तेलाच्या घाण्यामागे तेल किती. विद्वानांची भाषा सोडून लेख एकदम तेल्याला, वाण्याला, गिऱ्हाइकाला कळेल अशा बोलीत उतरतो, कारण पैसा त्यांच्याकडून यायचा होता. वर डोंगरात सुगंधी मालाच्या व्यापाऱ्यानं खांब दिला, त्यानंतर जवळपास चौदाशे वर्षांनी खाली घाण्यावरच्या तेलातून गणित शिकवलं गेलं. राज्यं बदलली, धर्म बदलला, वाट तीच राहिली, आणि वाटेवरून जाणाऱ्यांनी थोडं थोडं इथं ठेवलं म्हणून हे सगळं उभं राहिलं.

आज या वाटेवरून पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माणसं जातात. वेरूळच्या वाहनतळावर बसगाड्यांची गर्दी असते. पितळखोऱ्याच्या पठारावर त्या दिवशी आमची एकच गाडी होती. चहाची टपरी नव्हती, सावलीला छप्पर नव्हतं. घाटमाथ्यावरच्या गावांतल्या बचतगटांच्या बाया भाकरी, पिठलं, ठेचा रांधून देऊ शकतात. कॉलेजात शिकणारी पोरं वाटाड्या होऊ शकतात. त्यांना ब्राह्मीतली ती चार नावं वाचून दाखवायला शिकवणं अवघड नाही. मी माझ्या परीनं मामांच्या गावच्या शाळेत छायाचित्रं घेऊन जायचं कबूल केलं आहे. मुख्याध्यापकांनी दिवाळीनंतरची तारीखही दिली.

तुम्हाला जायचं असेल तर दसरा ते संक्रांत हा काळ बरा. तेव्हा ओढा वाहता असतो, पण पायऱ्या कोरड्या असतात. पावसाळ्यात धबधबा बघायचा मोह होतो, मात्र वरच्या पठारावर पाऊस झाला की घळीत पाणी अचानक चढतं. पहारेकरी नको म्हणाला तर ऐकावं. सकाळी लवकर निघा, पाणी आणि टॉर्च बरोबर घ्या, रंगचित्रांवर फ्लॅश मारू नका. जमलं तर सुरुवात पैठणपासून करा. गोदेचा घाट पाहून, वेरूळला मुक्काम करून, कन्नडवरून पितळखोरं आणि मग घाट उतरून पाटण. परतीला रेल्वे चाळीसगावला मिळते. कन्नडमध्ये जेवायला थांबलात तर ज्वारीची भाकरी मागा, आणि बाजारातून अद्रक घेऊन जा. यंदा चांगली आली आहे.