गिअर अडतो तेव्हा

हल्ली गाडी पहिल्या गिअरला टाकताना कुरकुरते. रिव्हर्सला तर सरळ खर्रर्र! ‘गिअरबॉक्स गेला,’ असं सोसायटीतल्या दोघांनी न विचारता सांगून टाकलं. आपल्याकडे निदान फुकट, उपचार महाग.

इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिले. सगळे अलगद पडले. इंजिन चालू केलं की पुन्हा तोच हट्ट. म्हणजे गिअरबॉक्स बहुधा निर्दोष. पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाहीये आणि प्लेट फिरतच राहतेय. एखादाच गिअर खरखरला असता, तर त्याचा वेग जुळवून देणाऱ्या सिंक्रोनायझरवर संशय घेतला असता. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, म्हणून चुगली तोच आधी करतो.

मग पेडल भराभर दोन-चारदा दाबलं, तर गिअर पडला! हायड्रॉलिक क्लचमध्ये याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: आत हवा शिरलीय किंवा कुठेतरी गळतंय. पेडलच्या वर टॉर्च मारली. मास्टर सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओलसर चमक, बोटाला तेलकट. सापडला चोर.

क्लच घसरणं हा आजार मात्र वेगळा. खंबाटकीच्या चढावर इंजिन ओरडतं, आरपीएम चढतो, वेग तिथल्या तिथे, वर जळका वास. तिथे बहुधा प्लेटच झिजलेली असते.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या ऑइलची टाकी एकच असते. पातळी उतरलेली दिसली, तर गळती दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.