वळचण कुणाची?

एरवी कॉलेजात भूगोल विभागाकडे कुणी फिरकत नाही. जिन्यालगतची खोली, भिंतीवर गुंडाळीचे नकाशे, आणि परीक्षेपुरते आठवणारे सर. पण नोव्हेंबरातला एक बुधवार त्यांचा असतो. जीआयएस डे, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचा दिवस. १९९९ पासून जगभर पाळतात. कॅलिफोर्नियातल्या एस्री या नकाशांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीनं तो सुरू केला, म्हणजे मुळात धंद्याचीच गोष्ट. आपल्याकडे मात्र कुठलाही दिवस आला की त्याचा समारंभ होतो, आणि समारंभात माणसं शिरली की त्याचं भलतंच काहीतरी होऊन बसतं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तसंच झालं. हॉलमध्ये ओळीनं टेबलं, टेबलांवर लॅपटॉप, मागे फ्लेक्स, दाराशी रांगोळीतला महाराष्ट्र (कोकण किनारा फारच सरळ आला होता), आणि आत गावोगावची माणसं. पोरांनी प्रकल्पासाठी ज्यांच्या विहिरी आणि शेतं पायाखाली घातली होती, त्यांना आवर्जून बोलावलं होतं. ही कल्पना ज्याची कुणाची असेल त्याला माझा नमस्कार.

पहिला तासभर कुणी काही ऐकूनच घेतलं नाही. ज्याला त्याला आधी आपलं घर बघायचं होतं. पडद्यावर उपग्रहाचं चित्र, माऊस फिरवणारी मुलगी, आणि तिच्या खांद्यामागे दाटी. “जरा खाली घे... वढ्याच्या अलीकडं... हां, थांब!” एका टोपीवाल्या आजोबांनी पडद्यावर बोट टेकवलंच. “ती निळी ताडपत्री दिसतीय का? ती आमची. कांद्यावर टाकलेली.” मग जरा निरखून म्हणाले, “पण ह्यो फोटो आत्ताचा न्हाई पोरी. गेल्या साली वळवानं कांदा भिजला, त्याच्या आधीचा हाये. नंतर ताडपत्री फाटली.” मुलीनं चित्राची तारीख काढून पाहिली. एप्रिलचीच होती. उपग्रहाच्या चित्राखाली तारीख असते हे मला ठाऊक होतं. ती कांद्यावरूनही वाचता येते, हे नव्हतं.

नकाशाकडे अशी मजेनं बघणारी शेतकरी मंडळी मी आधी पाहिलेली नव्हती. आपल्याकडे नकाशा निघाला म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय असं समजायचं. मोजणी येते ती भाऊबंदकीच्या पाठोपाठ, नाहीतर रस्त्यात जमीन जाणार असते तेव्हा. आणि नकाशाचा जन्म तरी कशापायी झाला? १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापूर तालुक्यात मोजणीची घडी बसवली ती सारा ठरवण्यासाठी. हद्दीचे दगड रोवले गेले, शेतांना नंबर पडले. तेहतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. आजही प्लॉटचा भाव काढताना आपण नकळत विंगेटची साखळीच टाकत असतो.

भूमी अभिलेखच्या टेबलावर ती साखळी प्रत्यक्ष ठेवलेली होती. गंजलेली, कड्या जड, मध्ये मध्ये पितळी खुणा. शेजारी काठीवर रोव्हर उभा. तो जमिनीवर टेकवला की आकाशातल्या उपग्रहांशी बोलून दोन-चार सेंटिमीटरच्या आत जागा सांगतो. भूमापक मन लावून समजावत होते आणि एक बाई अगदी साधं विचारत्या झाल्या : “बांधाच्या कुठल्या कडंला टेकवायचा?”

मला वाटतं, दिवसभरातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच होता. नकाशातल्या रेघेला लांबी असते, रुंदी नसते. बांधाला असते. हात-दीड हात तरी असतेच. त्यावर बोर असते, बाभूळ असते, घायपात असतो. गवत एक वर्ष ह्याच्या म्हशीला, एक वर्ष त्याच्या. पाऊलवाट जाते. शिवारातली निम्मी भांडणं आणि निम्मी सोयरीक त्या हातभर रुंदीत नांदते. जो बांध कोरतो तोही रुंदीतच कोरतो, वर्षाला चार बोटं, नांगराच्या फाळानं, गुपचूप. रोव्हर आला म्हणजे हे कोरणं थांबेल, आणि थांबायलाच हवं. पण मग गवताचं काय, हे कुणी ठरवायचं?

ह्याहून नाजूक मामला गावठाणाचा. इंग्रजांना सारा शेतावर हवा होता, घरावर नव्हता, म्हणून बहुतेक गावांत घरं कधी मोजलीच गेली नाहीत. गावाचा नकाशा उघडा : भोवती शेतांचे तुकडे दाटीवाटीनं, आणि जिथे माणसं राहतात तिथे मधोमध एक कोरा डाग. शेताला सातबारा, घराला ग्रामपंचायतीच्या रजिस्टरातली नोंद आणि शेजाऱ्याची जीभ. हा डाग भरायचं काम ड्रोननं केलं. एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली, पण त्याआधीच महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला ड्रोननं गावठाण मोजून झालं होतं.

त्याची रीत एका टेबलावर मांडली होती, आणि तिथून मी हललोच नाही. आधी दवंडी, ग्रामसभा. मग ज्यानं त्यानं आपल्या घराची, परड्याची हद्द चुन्याच्या फक्कीनं आखायची. ही फक्कीच खरी गंमत. ड्रोनला वरून दिसतात ती छपरं; मालकी असते भिंतीपर्यंत. छप्पर भिंतीच्या पुढे दीड-दोन फूट आलेलं असतं आणि खाली असते वळचण. त्या वळचणीत सरपण रचलेलं असतं, शेळी बांधलेली असते, पावसात सापडलेला वाटसरू उभा असतो. पागोळ्या मात्र पडतात पलीकडच्याच्या अंगणात. म्हणून नुसत्या फोटोवर भागत नाही. जमिनीवर चुन्याची रेघ लागते, आणि ती ओढताना दोन्ही घरची माणसं हजर लागतात. ड्रोन उडतो थोडा वेळच. त्याच्या आदल्या दिवशी गल्लीगल्लीत फक्कीची पाटी घेऊन जे चालतं तीच खरी मोजणी. कुणी मोठेपणा घेऊन रेघ अर्धा फूट आत ओढतो. कुणी न्हाणीच्या दगडावर अडून बसतो. एखादी म्हातारी म्हणते, “सासऱ्यांनी त्यांना पाखं सोडाया दिलं, जागा न्हवती दिली.” कुठल्याही कागदावर नसलेलं हे वाक्य गावातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. मग सनद हाती येते, घरावर बँकेचं कर्ज मिळण्याची वाट खुली होते, आणि हे मी अजिबात कमी लेखत नाही. ज्याच्या घराला शंभर वर्षं कागदच नव्हता त्याला ‘रेघ रूक्ष असते’ असं सुनावणं हा सातबारावाल्यांचा चोंबडेपणा झाला.

बाकीची टेबलं मी भराभर पाहिली. लंडनच्या जॉन स्नोचा १८५४ चा पटकीचा नकाशा होताच; अशा प्रदर्शनाला तो मांडवातल्या गणपतीसारखा लागतोच. एका फ्लेक्सवर गडचिरोलीची जंगलं होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला आपलं जंगल मागता आलं, आणि २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टरांवरचा हक्क मिळाला. ओढा, टेकडी, देवाचं झाड अशा खुणांनी तोंडपाठ असलेली हद्द आता जीपीएस हातात धरून गावकरी चालतात आणि यंत्र मुकाट्यानं ती टिपत जातं. इथे माणूस पुढे, नकाशा मागे. हा क्रम मला फार आवडला.

दरडींच्या टेबलाशी मात्र पाय अडले. उताराचे नकाशे, लाल-पिवळे पट्टे, आणि एका कोपऱ्यात माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. गाव नाहीसं झालंय ही खबर बाहेरच्या जगाला दिली ती नेहमीच्या फेरीला निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं. त्याच्या मनातल्या नकाशात ज्या वळणावर गाव होतं तिथे चिखल होता. आज पावसाचे आकडे, माती आणि उतार एकावर एक ठेवून धोक्याची गावं आधी ओळखता येतात, असं तो विद्यार्थी सांगत होता, आणि मग स्वतःहूनच म्हणाला, “पण सर, २०२३ ला दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी यादीत नव्हती.” मार्कांसाठी केलेल्या प्रकल्पात एवढा प्रामाणिकपणा आढळला की बरं वाटतं.

शेवटच्या टेबलावर विहिरींचा नकाशा. क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर एका मुलीनं आपल्या गावच्या सगळ्या विहिरी ठिपक्यांनी मांडल्या होत्या. ठिपक्यावर टिचकी मारली की तक्ता उघडे : खोली, पाण्याची पातळी, मोटर, आणि शेवटी ‘शेरा’. ताडपत्रीवाले आजोबा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. विहिरीतला हिस्सा, दुसऱ्याची वाट, असलं सगळं त्यात बसवतात. आजोबांना तो रकाना पक्का ठाऊक असावा, कारण शेरा म्हणताच ते खुलले. विहीर कुणी खोदली, कातळ कुठे लागला, बहात्तरच्या दुष्काळात कुणाकुणाला भरू दिलं, धाकट्याच्या वाटणीला रात्रीची पाळी का आली... मुलगी भराभर टाईप करत होती आणि मध्येच थांबली. वाक्य अर्ध्यात तुटलं होतं. शेपफाइल नावाच्या जुन्या पद्धतीच्या फायलीत एका रकान्याला २५४ बाइटच मिळतात. युनिकोडमधलं आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा त्यातल्या तीन-तीन खातात. म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. रात्रीच्या पाळीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

“आजोबा, थोडक्यात सांगा ना.”

“थोडक्यात सांगितलं तर पाळी चुकंल की.”

मुलीनं क्षणभर विचार केला, फाईल बंद केली आणि सगळा थर जिओपॅकेजमध्ये नव्यानं साठवला. त्यात ही अडचण नाही. “हं, सांगा आता, कितीही सांगा,” ती म्हणाली, आणि आजोबांनी आधी चहा मागवला, कारण पुढची विहीर तीन भावांत सामाईक होती आणि तिच्या पाळ्या आठवड्याच्या नव्हत्या, तिथीच्या होत्या.