टॅपेट वाजतंय? वाजू द्या

संपादकांनी बजावलं आहे की नट-बोल्ट जरा कमी ठेवा. प्रयत्न करतो, पण हा विषय शेवटी एका इंचाच्या पंधरा सहस्रांशावर येऊन थांबतो, त्याला माझा इलाज नाही. तक्रार नेहमीचीच असते. जुनी अँबॅसडर किंवा फियाट, इंजिन नुकतंच पूर्ण उतरवून बांधलेलं, ब्लॉक बोअर केलेला, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं. पैसे पाण्यासारखे गेलेले, आणि स्टार्ट केल्याबरोबर वरून टक-टक-टक. मालक म्हणतो, "टॅपेट टाइट करून द्या." मिस्तरी झाकण उघडतो, स्क्रू कसतो, आवाज जातो आणि सगळे खूश होतात. माझ्या मते नव्या इंजिनाच्या नासाडीला बहुतेक वेळा इथूनच सुरुवात होते. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर देऊ केल्यापासून कोठारातल्या गाड्या बाहेर काढून इंजिन बांधून घेण्याची हौस वाढली आहे. नेपानगरसारख्या सरकारी कारखान्याच्या गावात अँबॅसडरचं कौतुक असणं साहजिकच आहे. हौसेला माझी हरकत नाही, हरकत आहे ती आवाजाच्या धसक्याला.

मुळात तिथे फट का ठेवलेली असते? कॅमशाफ्ट फिरतो, पुशरॉड वर जातो, रॉकर कलतो आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकावर दाब देऊन तो उघडतो. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि दांडी यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा लागतेच. अँबॅसडरच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाला ती ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर असते. आमच्या भाषेत पंधरा थाऊ. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, त्याला वाढायला वाव हवा. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचं तर आयुष्यच या फटीवर अवलंबून असतं. त्याच्या तोंडावरून जळता वायू जातो, आणि ती उष्णता उतरते मुख्यतः सीटला टेकलेल्या काठातून. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, काठाशी आग झिरपत राहते आणि एका बाजूने तो जळून खाचतो. टकटक म्हणजे ही फट दर फेरीला मिटताना होणारा आवाज. तो अजिबात येऊ नये असा हट्ट धरणं म्हणजे फटच नको म्हणणं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: प्रत्येक टकटक टॅपेटची असते हे कशावरून? नसते, आणि म्हणूनच आधी स्क्रूला हात लावायचा नाही. आयडलला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट ४०० घेतो. म्हणजे एकच व्हॉल्व्ह वाजत असेल तर सेकंदाला सहा-सात ठोके. पण या तालावर विसंबून चालत नाही. फियाटचा पेट्रोल पंपही कॅमवरच चालतो आणि त्याच तालात टिकटिकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर तिथून निघणारी फुसफुस हुबेहूब टॅपेटसारखी ऐकू येते. गॅस्केटच्या कडेला काजळीचा फराटा दिसला की तिचं पितळ उघडं पडतं. एकेका प्लगची वायर काढून पाहावी. त्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मंदावला किंवा बदलला तर संशय खाली, बिग एंड किंवा गजन पिनवर जातो, आणि मग गाडी एक किलोमीटरही चालवू नये. थंडीत वाजून गरम झाल्यावर विरणारा बोदा आवाज बहुधा पिस्टनचा. बोअर जरा सैल झालेला असतो. लांब स्क्रू-ड्रायव्हर ब्लॉकला टेकवून मुठीला कान लावणं उपयोगी आहे, पण बिडातून आवाज कुठून कुठे पोचेल याचा नेम नसतो. त्यात मुरलेले कानही फसतात.

टॅपेटची सर्वांत खात्रीची कसोटी साधी आहे. इंजिन आयडलला चालू ठेवून फिलर गेजचं पातं रॉकर आणि दांडीच्या मध्ये सरकवायचं. ज्या जागी आवाज थांबला, तो व्हॉल्व्ह. आता खरी गंमत. त्याच व्हॉल्व्हची फट इंजिन बंद करून मोजली तर पुष्कळदा बरोब्बर पंधरा निघते! कारण रॉकरच्या नाकाला वर्षानुवर्षांच्या घासण्याने वाटीसारखी खोच पडलेली असते. गेजचं पातं सपाट. ते खोचेच्या दोन काठांवर पूल बांधून बसतं, आणि खोचेची खोली मोजमापात येतच नाही. दांडीचं टोक मात्र थेट खोचेत आपटतं. असा रॉकर कसून गप्प केला तर आकडा खोटा आणि फट नाहीशी. त्याचं नाक ग्राइंडरवर नीट घासून घ्यायला हवं, शाफ्ट आणि बुश बदलायला हवेत. पण इंजिन बांधताना खालचा सगळा माल नवा येतो आणि रॉकरची असेंब्ली पेट्रोलने धुऊन परत चढते. त्या शाफ्टला तेल एका स्टँडच्या भोकातून चढतं. ते भोक गाळाने बुजलेलं असेल तर नव्या इंजिनाचं डोकं कोरडंच चालतं. जाड तेल किंवा बाटलीतलं औषध ओतून आवाज दाबणाऱ्यांनी हे भोक कधी पाहिलेलं असतं की नाही, कोण जाणे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर लोकांच्या समजुतीच्या नेमकं उलट आहे. आक्षेप असा, की फट थोडी कमी झाली तर काय बिघडतं, पुढे झिजून ती वाढणारच. रॉकर झिजतो हे खरं. पण बिडाच्या हेडमध्ये सीटही झिजते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा पातळ थर एक्झॉस्टच्या सीटला राखत असे. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि ते यायलाच हवं होतं. मुलांच्या रक्तात शिसं भिनवून गाड्या जपायच्या नसतात. पण जुन्या बिडाच्या सीटचं संरक्षण गेलं. सीट खचली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांडीचं टोक रॉकरच्या जवळ येतं आणि फट आपोआप मिटत जाते. म्हणजे इंजिन दिवसेंदिवस शांत होत जातं! मालक म्हणतो, इंजिन 'बसलं'. बसतं ते व्हॉल्व्हचं नशीब. नव्या इंजिनात भर म्हणून हेड गॅस्केटही दबतं. हेडचे नट पुन्हा कसले की फट आणखी कमी होते. त्यामुळे पहिल्या काही शे किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा सेट न करणं अक्षम्य आहे.

वीस-पंचवीस वर्षं बिनशिशाचं पेट्रोल घालतोय, काही झालं नाही, असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. सीट खचते ती मुख्यतः जास्त फेऱ्यांवर आणि भाराखाली सतत पळवल्याने. गावातल्या गावात रमतगमत फिरणाऱ्या गाडीला तो त्रास क्वचितच होतो. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात सीट वेगळ्या बसवलेल्या, त्यामुळे तिथे सगळं त्या सीटच्या धातूवर ठरतं. मात्र हेड उतरलेलंच असेल आणि गाडी लांबच्या रस्त्यावर काढायची असेल, तर एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घेणं शहाणपणाचं. रंगावर खर्च करणारे इथे हात का आखडतात, हे मला समजत नाही. आजच्या अनेक गाड्यांत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारे टॅपेट असतात. त्यांच्यावर तयार झालेला कान घेऊन अँबॅसडरचं बॉनेट उघडू नये.

राहता राहिला माझ्या मनातला संशय. किती आवाज चालेल, हे कानाने ठरवणं मलाही खात्रीचं वाटत नाही. म्हणून वही ठेवावी. दर वेळी टॅपेट सेट करण्याआधी आठही व्हॉल्व्हची फट मोजून लिहावी, पुस्तक सांगेल तशी गरम किंवा थंड, पण प्रत्येक वेळी तशीच. एकाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा आकडा लागोपाठ दोनदा घटलेला निघाला, तर इंजिन कितीही गोड चालत असो, हेड उतरवायचं.