तुमच्याकडे चालतो ना?

काही पुरुष घरी मोठे टापटिपीचे दिसतात. आंघोळीला निघावे तो पंचा दांडीवर, वाचायला बसावे तो चष्मा हाताशी. यामागे कोणाचा हात आहे, हे ते परगावी लग्नाला एकटे गेले म्हणजे कळते. पायथन या संगणकाच्या भाषेतले प्रोग्राम याच जातीचे असतात. (नावाने दचकू नका. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली ही भाषा बाहेर आणली. नाव अजगरावरून नव्हे, एका विलायती विनोदी कार्यक्रमावरून पडले.)

आमच्या पुतणीला नोकरी लागून दोनच महिने झाले होते. अजून कायम व्हायची होती. ग्राहकांच्या बिलांची बेरीज करणारा प्रोग्राम तिने लिहिला. व्हीएस कोड या एडिटरमध्ये बटण दाबले की आकडे चोख! साहेबांनी तोच प्रोग्राम आपल्या यंत्रावर, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालवला, तर उत्तर आले : फाइल सापडत नाही. "बाई, तुमच्याकडे चालतो ना? मग तुमच्याकडेच ठेवा," साहेब चारचौघांत म्हणाले. पोर त्या रात्री जेवली नाही.

मी हिशेबखात्यात जन्म काढलेला. एका टेबलावर जुळणारी बेरीज दुसऱ्या टेबलावर जुळेना, तर आधी दोघांसमोरचे कागद ताडून पाहावेत, एवढे मला समजते. मी तिला म्हटले, "तूही त्या काळ्या खिडकीत चालवून बघ." चालवला, आणि तिच्याच यंत्रावर तीच बोंब!

बिलांची फाइल प्रोग्रामच्या शेजारीच होती. पण प्रोग्रामात तिचे नुसते नाव होते, पत्ता नव्हता. नुसते नाव दिले की पायथन प्रोग्रामच्या शेजारी पाहत नाही. चालवणारा ज्या फोल्डरात उभा असेल तिथे शोधतो. एडिटर तिने उघडलेल्या फोल्डरात उभा राहत होता, टर्मिनल दुसरीकडेच. प्रोग्रामच्या स्वतःच्या पत्त्यावरून फाइलचा पत्ता काढायची एक ओळ तिने घातली.

तर नवी तक्रार : पांडास नाही! पांडास म्हणजे तक्ते हाताळणारी तयार सामग्री. एका यंत्रावर पायथन दोन-तीन असू शकतात, हे मला तेव्हा कळले. एडिटर तिने निवडलेला पायथन घेई, ज्यात पांडास होते. टर्मिनलला पाथ नावाच्या यादीत जो पहिला सापडे, तो चाले.

तिसरी गोष्ट मला अधिक लागली. ग्राहकांची देवनागरी नावे पडद्यावर सुरेख उमटत. तोच मजकूर फाइलकडे वळवला की प्रोग्राम कोलमडे. विंडोजवर पायथनच्या बऱ्याच आवृत्त्या अशा वेळी जुना अक्षरतक्ता काढतात, आणि त्यात 'कुलकर्णी' लिहायला जागाच नसते. यूटीएफ-८ हा तक्ता वापर, असे बजावून सांगावे लागते.

आता तिचा प्रत्येक प्रोग्राम सुरुवातीला दोन ओळी छापतो : कोणता पायथन चालतो आहे आणि कोणत्या फोल्डरातून. साहेबांनी याला पाल्हाळ म्हटले. गेल्या आठवड्यात त्यांचा स्वतःचा प्रोग्राम वरच्या साहेबांच्या यंत्रावर अडला, तेव्हा त्या दोन ओळी त्यांनी तिच्याकडून मागून नेल्या.