उसना आवाज

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी 'रूपॉल्स ड्रॅग रेस' हा अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रम विषय म्हणून सुचवला. स्त्रीवेष धारण करून रंगमंचावर येणाऱ्या कलावंतांची ती स्पर्धा. बक्षिसे, रुसवेफुगवे आणि दर आठवड्याला एकाची गच्छंती, एवढ्या भांडवलावर साहित्याच्या विभागात काय लिहिणार, असे मी त्याला विचारले. त्याने वाद घातला नाही. "सर, फक्त पहिलं पर्व बघा, छोटंसंच आहे," एवढे म्हणून एक पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवून तो गेला. मी तो तीन आठवडे उघडला नाही.

उघडला तेव्हा पहिल्याच दृश्याला वाटले, की प्रत खराब आहे. सगळे चित्र धूसर. चेहऱ्यांच्या कडा विरघळलेल्या, दिव्यांभोवती धुके. पुढे कळले की प्रत खराब नव्हती, ते पर्वच तसे चित्रित झाले होते. भिंगाला व्हॅसलीन फासले होते की काय, अशी थट्टा त्या कार्यक्रमाचे चाहते आजही करतात. 2013 साली वाहिनीने हेच पर्व 'हरवलेले पर्व' म्हणून पुन्हा दाखवले, तेव्हा स्वतः रूपॉलही या थट्टेत सामील झाला होता. मला मात्र ती धूसरता आवडली. नंतरची काही पर्वेही मी ओझरती पाहिली. ती लखलखीत आहेत, आणि त्यांतील स्पर्धकांना आपण कशात उतरलो आहोत हे पक्के ठाऊक असते. पहिल्या पर्वातील नऊ जणांना ते ठाऊक नव्हते. 2 फेब्रुवारी 2009 रोजी 'लोगो' नावाच्या, समलिंगी प्रेक्षकांसाठी काढलेल्या एका छोट्या वाहिनीवर पहिला भाग दाखवला गेला. बक्षीस वीस हजार डॉलरचे. पहिल्याच भागात स्पर्धकांपुढे स्वस्त दुकानांतील किडूकमिडूक वस्तूंचा ढीग टाकला जातो आणि त्यातून ज्याने त्याने आपला पोशाख उभा करायचा असतो. गरिबीतून ऐश्वर्याचा आभास निर्माण करणे ही या कलेची जुनी रीत. इथे मात्र कार्यक्रमाचीही तीच स्थिती दिसते.

मी ते पाहायला बसलो तो अर्थातच सिद्धान्ताचा चष्मा लावून. ज्युडिथ बटलर यांचे 'जेंडर ट्रबल' (1990) मी अनेक वर्षे शिकवत आलो. लिंगभाव हा आतून उमलणारा नसून कृतींच्या पुनरावृत्तीतून घडत जातो, आणि ड्रॅग हे घडवणे उघडे पाडते, हे वाक्य फळ्यावर लिहिताना आता माझा हातही थबकत नाही. पण या मांडणीत न बसणारी एक गोष्ट दर भागाच्या शेवटी येऊ लागली. तळाच्या दोघा स्पर्धकांनी एका ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवायचे. जो अधिक जीव ओतेल तो राहील, दुसरा घरी जाईल. अंतिम भागात बीबी झहारा बेनेट आणि नीना फ्लॉवर्स समोरासमोर आल्या तेव्हा गाणेही खुद्द रूपॉलचे होते. म्हणजे विजेतेपदाचा निवाडा यजमानाच्याच आवाजावर ओठ हलवून झाला.

एस्थर न्यूटन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचे 'मदर कॅम्प' हे 1972 सालचे पुस्तक या जगाचा पहिला गंभीर अभ्यास मानले जाते. त्यात एक उतरंड नोंदवली आहे. स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्या कलावंतांचा मान वरचा. तबकडीवर ओठ हलवणारे खालच्या पायरीवरचे. त्यांच्याजवळ स्वतःचे काही नाही, सगळे उसने, असा तो भाव. 2009 मध्ये ही उतरंड उलटली आहे. ज्याला हिणवले जाई तेच अखेरचे शस्त्र झाले आहे.

इथे मला लिहिणे थांबवून सांगलीला जावे लागते.

आमच्या घरी बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या. दर रविवारी सकाळी वडील त्या लावत, आणि 'मानापमाना'तील भामिनीची पदे सुरू झाली की डोळे मिटून घेत. मी नऊदहा वर्षांचा असेन. घरात कोणी नसताना मी त्यांतलीच एक तबकडी लावत असे आणि आईच्या कपाटाच्या आरशासमोर, खांद्यावर तिचा शालू टाकून, त्या गाण्यावर ओठ हलवत असे. ताना, मुरक्या, श्वास घेण्याच्या जागा, सगळे पाठ होते. गळ्यातून मात्र स्वर काढत नसे, कारण काढला असता तर तो माझा निघाला असता. एका पुरुषाने स्त्री होऊन गायिलेले गाणे एक मुलगा तोंडात धरून उभा आहे, याला नाव असते हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास शाळेच्या स्नेहसंमेलनात एका नाटुकल्यात मला मुलीची भूमिका मिळाली. काम चांगले झाले असावे; टाळ्या पडल्याचे आठवते. वडील मागच्या रांगेत होते. प्रयोग संपल्यावर ते मला शाळेच्या नळापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "तोंड धू. मग घरी चल." नुसत्या पाण्याने रंग निघत नाही. मी घासत राहिलो, ते खांद्यावर पंचा टाकून उभे राहिले, आणि गालांवर लाल ओघळ घेऊनच आम्ही घरी आलो. आईने खोबरेल तेलाने ते पुसले. कोणी काही बोलले नाही. रविवारी वडिलांनी नेहमीप्रमाणे तबकडी लावली.

त्यांना मी दांभिक म्हणू शकत नाही. त्यांच्या मनात दोन कप्पे होते: एकात नारायणराव राजहंस, ज्यांच्या साडीची आणि गजऱ्याची नक्कल कुलीन स्त्रिया करीत, दुसऱ्यात तमाशातला नाच्या. पडद्यावर तो उभा करणाऱ्या गणपत पाटलांना आयुष्यभर त्या भूमिकेचीच ओळख चिकटून राहिली. आपला मुलगा कोणत्या कप्प्यात पडेल याची शाश्वती त्यांना नव्हती, एवढेच. शिवाय बालगंधर्वांची पिढी एका गरजेतून स्त्रीवेष घेत होती. कुलीन स्त्रीला रंगमंच बंद होता. ड्रॅगला तशी कोणतीच सबब नाही. कोणी सांगितलेले नसताना माणूस ते करतो, आणि नळावर उभ्या असलेल्या बापाला नेमके तेच दिसले असावे.

मी आरशासमोर उभे राहणे बंद केले.

पहिल्या पर्वात ओंजिना नावाची स्पर्धक आहे. फिलिपिन्समध्ये जन्मलेली, लहान चणीची, डोके गुळगुळीत. बहुतेक वेळा केसांचा टोप न घालता वावरते. चौथ्या भागात एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या 'व्हिवा ग्लॅम' मोहिमेसाठी जाहिरात करायची असते. ही मोहीम एड्सग्रस्तांच्या मदतनिधीची, आणि 1990च्या दशकात तिचा पहिला चेहरा रूपॉलच होता. ओंजिना जिंकते. निकाल ऐकताच कोसळते आणि सांगते की आपण स्वतः दोन वर्षांपासून एचआयव्हीसह जगत आहोत. आईवडिलांना हे माहीत नाही, म्हणून दूरचित्रवाणीवर बोलायचे नव्हते. तो भाग प्रसारित झाला त्या दिवसांत एचआयव्हीबाधित परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेश नाकारणारा नियम अजून लागू होता. तो जानेवारी 2010 मध्ये गेला. पुढच्याच भागात ओंजिना बीबीसमोर ओठ हलवते, हरते आणि घरी जाते. कार्यक्रमाचे यंत्र कोणासाठी थांबत नाही.

ते दृश्य मी टिपून घेऊ लागलो तेव्हा मराठीने मला अडवले. इंग्रजीत 'शी' म्हणून मोकळे होता येते; त्या मंडळींत तसाच प्रघात आहे. मराठीत मात्र क्रियापदाशी येताच निर्णय द्यावा लागतो. ओंजिना रडली की रडला? बालगंधर्वांच्या बाबतीत आपली सोय झाली आहे: रंगमंचावर 'भामिनी आली', विंगेत 'नारायणराव आले'. पण इथे अश्रू रंगभूषेवरून ओघळत होते आणि बोलणे रंगभूषेच्या आतले होते. त्या क्षणी ती कोणाच्याही आवाजावर ओठ हलवत नव्हती. मी 'रडली' लिहिले, खोडले, आणि पुन्हा 'रडली' लिहिले. सिद्धान्त शिकवणाऱ्या माणसाला एका क्रियापदाने इतके अडवावे, हे मला बरे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि विषय चालेल म्हणून सांगितले. त्याने तोपर्यंत विषय बदलून अर्ज भरला होता; नोंदणीची मुदत आदल्या आठवड्यातच संपली होती. पेन ड्राइव्ह खिशात टाकताना त्याने विचारले, "चौथा भाग पाहिलात, सर?"

मी हो म्हणालो.

तो थोडा वेळ उभा राहिला. मी टेबलावरचा कागद ओढला आणि एस्थर न्यूटन यांच्या पुस्तकाचे नाव त्याला लिहून दिले.